आठशे चाळीस ग्रॅम

तिकीट रद्द करायची मुदत आज रात्री बारापर्यंत.
सां-दनीतल्या या तिसऱ्या मजल्यावर
जेवणाचं टेबल पुसून मी कफन पसरलंय,
वडिलांचं.
ते गेले त्याला नऊ वर्षं झाली.

आमच्याकडे पितरांना थंडी वाजते.
स्वप्नात येऊन तसं सांगतात.
मग कबर उघडायची, हाडं नव्या रेशमात गुंडाळायची,
खांद्यावर घेऊन नाचायचं,
कोण बाळंत झालं, कुणाचा बैल विकला, ते कानाशी सांगायचं
आणि पुन्हा निजवायचं.
ज्योतिषानं येत्या शनिवारचा मुहूर्त दिला
तेव्हा त्याच्या हिशेबात चंद्र होता,
संचारबंदी नव्हती.

सुलुफूचा फोन लागतो तेव्हा आधी कुत्री भुंकताना ऐकू येतात.
म्हणतो, राजधानीत नळ कोरडे, वीज नाही,
पोरं पिवळे डबे वाजवत चौकात बसलीयत.
दक्षिणेच्या रस्त्यावर टायर जळतायत.
येऊ नकोस, म्हणतो.
आणि त्याच दमात, तांदूळ किती भिजवू?
मी विचारते, पुढं ढकलता येईल?
पलीकडं नुसती कुत्री.
मग म्हणतो, बाबांची काही तक्रार नाही गं,
पण आत्या ब्याऐंशीची आहे.

माक्सिमँ माझा नवरा, याच बेटावरचा,
त्याला आपले मेलेले जमिनीत गप्प पडलेले आवडतात.
सल्ल्याचं सरकारी पान त्यानं छापून आणलंय,
नकाशावर माझं गाव नारिंगी.
हाडांसाठी हाडं मोडून घेणार का, असं म्हणाला,
आणि लगेच वरमून भांडी घासायला लागला.
खोटं नाही त्याचं.
माझी रजा पाच दिवसांची आहे.
विमानतळ बंद झाला तर ती किती दिवसांची होईल,
ते त्या पानावर नाही.

काल रात्रपाळीत कुणी नव्हतं तेव्हा
कफन मी बाळांच्या काट्यावर ठेवून पाहिलं.
आठशे चाळीस ग्रॅम.
एवढ्या वजनाचं मूल आम्ही काचेत ठेवतो
आणि त्याच्या आईला नक्की असं काहीच सांगत नाही.

मी तिथून निघाले तेव्हाही टायरच जळत होते.
बावीस वर्षांची होते. बाबांनी माझी पेटी डोक्यावर घेतली
आणि पहाटे तीनला चालत विमानतळाकडं निघाले.
पहिल्या नाक्यावर म्हणाले, पोरगी आजारी आहे.
दुसऱ्या नाक्यावर म्हणाले, लग्न ठरलंय.
तिसऱ्यावर काहीच सुचलं नाही,
सिगारेटचं अख्खं पाकीट देऊन टाकलं.
दारात म्हणाले,
मागं वळून हात करू नकोस,
हातात काय आहे ते बघायला येतील.
मी केला नाही.
परत ते चालत गेले की कसे गेले,
कुठल्या नाक्यावर काय बोलले,
हे मी पुढं कितीदा तरी फोनवर विचारणार होते.
दर वेळी तांदळाचा भाव निघायचा.

एक कडा अजून दुमडायची राहिलीय.
रेशीम जाडंभरडं, सुई अडते,
चष्मा नाकावरून घसरतो.
बेसिनमधला आवाज थांबलाय,
माक्सिमँ मागं उभा आहे, मला न बघता घड्याळ बघतो.
फोन टेबलाच्या त्या टोकाला,
त्याच्यावरचं लाल बटण एका बोटावर आहे,
पण बोटात अंगठी-टोपी आहे
आणि टाका अर्ध्यात सोडला तर
सगळी ओळ उसवते.

एवढा टाका. मग हा. मग कोपरा.

मान वर केली तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती.
तिथं एक तास मागं चालतं,
तिथं अजून अकरा.
माक्सिमँनं छापलेलं पान चौघडी करून
माझ्या पासपोर्टात घातलं, काही बोलला नाही.

मग सुलुफूचा निरोप आला, आलेला नेटवर्क जायच्या आत:
बॅटऱ्या आण. मोठ्या.